निश्चल बगळ्याची साक्ष: सातवाहनकालीन गाथेपासून वडिवळ्याच्या कॅमेऱ्यापर्यंत

१.
पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका. कामशेतच्या परिसरात कुंडलिका नदी अडवून वडिवळे धरण बांधले आहे. त्याचे पाणी पुढे इंद्रायणीला मिळते. मावळातल्या अशा जलाशयांच्या उथळ काठांवर संध्याकाळी बगळे उतरतात आणि त्यांच्यासमोर कॅमेरे उभे राहतात. पांढरे पक्षी, काळवंडत चाललेले डोंगर, पाण्यावर तिरपा पडलेला सोनेरी उजेड. हे चित्र आज इतके परिचित झाले आहे, की त्यामागे काही इतिहास असेल असे कोणाला वाटत नाही. त्या इतिहासात एक प्राकृत गाथा आहे, लंडनमधला पिसांचा लिलाव आहे, एक विलक्षण बंदूक आहे आणि उपाशी पिल्लांची काही छायाचित्रे आहेत. त्याची ही क्रमवार कथा.

२.
प्रारंभ मावळातूनच होतो. वडिवळ्यापासून जवळच कार्ल्याची लेणी आहेत. तेथील एका सातवाहनकालीन लेखात 'मामाल' येथील अमात्याला उद्देशून राजाज्ञा कोरलेली आहे: वलुरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजक हे गाव दान दिले आहे. वलुरक म्हणजे कार्ले, आणि मामाल म्हणजे आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. म्हणजे या प्रदेशाचे नाव सुमारे दोन हजार वर्षे दगडात टिकून आहे. ज्या सातवाहनांचे अमात्य येथे कारभार पाहत होते, त्यांच्याच कुळातील हाल राजाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा एक संग्रह परंपरेने सांगितला जातो. तो संग्रह म्हणजे 'गाथासप्तशती'.

३.
या संग्रहातील गाथा एका वेळी, एका हाताने रचलेल्या नाहीत. काही शतकांच्या काळात त्यांची भर पडत गेली. शेते, नद्या, गावे, प्रेम आणि विरह हे त्यांचे विषय. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली या गाथा विस्तृत प्रस्तावनेसह मराठी वाचकांपुढे ठेवल्या. संग्रहाच्या अगदी आरंभीच एक चित्र येते. कमळाच्या पानावर एक बलाका, म्हणजे बगळ्यांच्या कुळातील पांढरा पक्षी, अजिबात न हलता बसला आहे. हिरव्या पाचूच्या ताटात स्वच्छ शंख ठेवावा, तसा तो दिसतो. एवढेच वर्णन. घटना काहीच नाही. आजचा छायाचित्रकार ज्याला चौकट म्हणेल, ती मात्र पूर्ण आहे: गडद हिरवी पार्श्वभूमी आणि तिच्यावर एकच पांढरा आकार.

४.
ही गाथा साहित्यशास्त्रात प्रसिद्ध झाली ती तिच्या सौंदर्यापेक्षा तिच्यातील सूचितार्थामुळे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात ती ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली. त्याचा तर्क असा: पक्षी हलत नाही, म्हणजे तो निर्धास्त आहे. तो निर्धास्त आहे, म्हणजे आसपास माणूस नाही. आणि माणूस नाही, म्हणजे दोन प्रेमिकांच्या भेटीसाठी ही जागा योग्य आहे. बोलणारी स्त्री प्रियकराला पक्षी दाखवते आणि भेटीचे ठिकाण सांगते. पक्ष्याच्या स्थिरतेवरून माणसाच्या अस्तित्वाचा अंदाज बांधण्याची ही रीत लक्षात ठेवावी. पुढील सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

५.
आणखी एक गोष्ट प्राचीन कवींना नेमकी ठाऊक होती. पांढरा पक्षी उठून दिसतो तो गडद पार्श्वभूमीवर. संस्कृत काव्यात बलाकांच्या रांगा पावसाळी काळ्या मेघांसमोरून उडतात, त्या याच कारणाने. यात निसर्गाचे निरीक्षणही आहे. पश्चिम भारतात बगळ्यांच्या विणीचा हंगाम पावसाळ्यात येतो. एरवी विखुरलेले पक्षी तेव्हा मोठ्या झाडांवर शेकड्यांनी एकत्र घरटी करतात. बगळ्यांच्या अशा वसाहतीसाठी मारुती चितमपल्ली यांनी मराठीत 'सारंगागार' हा सुंदर शब्द रूढ केला. याच हंगामात पक्ष्याच्या अंगावर काही विशेष पिसे फुटतात. त्या पिसांनीच पुढे त्याचा घात केला.

६.
आता कॅमेऱ्याकडे. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या मंडळींतले एक प्रमुख भारतीय छायाचित्रकार. त्या काळी काच रसायनात भिजवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि प्रकाश आत घेण्यासाठी कित्येक सेकंद थांबावे लागे. साहजिकच छायाचित्रकार लेणी, देवळे आणि किल्ले यांच्याकडे वळले. कार्ल्याचा चैत्य दोन हजार वर्षे हलला नव्हता. जवळच्या भातखाचरातला बगळा एवढा वेळ देणारा नव्हता.

७.
यावर वेल्समधील जॉन डिलविन ल्युएलिन या हौशी छायाचित्रकाराने एक तोडगा काढला. १८५६ साली त्याने आपल्या मालमत्तेतील पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे चित्र घेतले. चित्र वाखाणले गेले. पक्षी भुसा भरलेला होता. छायाचित्रणाच्या आरंभकाळातील जलपक्ष्याच्या या प्रसिद्ध चित्रात पक्षी निश्चल आहे, कारण तो मेलेला आहे. मम्मटाचा तर्क येथे उलटा पडतो: पक्षी हलत नाही आणि माणूस अगदी समोर उभा आहे.

८.
जिवंत पक्ष्याची हालचाल पकडली ती एका फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. नळी, दस्ता, घोडा सगळे बंदुकीचे; आत मात्र फिरणारी काच. घोडा दाबला की सेकंदाला १२ चित्रे उमटत आणि प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा ७२० वा भाग पुरत असे. पुढे त्याने एकाच काचेवर उड्डाणाचे अनेक टप्पे टिपण्याची रीत बसवली. तिच्यासाठी त्याला पांढरे पक्षी आणि काळी पार्श्वभूमी लागे, कारण काळा भाग काचेवर उमटत नाही आणि पुढच्या आकारासाठी जागा कोरी राहते. काळ्या मेघावरची बलाकांची रांग प्रयोगशाळेत आली ती अशी.

९.
इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी दुसरी वाट धरली: पक्ष्याला संशय येऊ न देता जवळ जाण्याची. १८९२ साली त्यांनी घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी कातड्याचा एक पोकळ बैल बनवून घेतला. छायाचित्रकार बैलाच्या पोटात शिरे आणि कॅमेऱ्याची काच छोट्या भोकातून बाहेर पाही. मावळात म्हशीच्या पायांशी किडे टिपत फिरणारा गायबगळा पाहिला, की ही युक्ती का चालली असेल हे कळते. गुराची भीती पक्ष्याला नसते. भीती माणसाची असते.

१०.
ही भीती विनाकारण नव्हती. विणीच्या काळात लहान बगळ्याच्या मानेमागे दोन लांब पिसे येतात आणि पाठीवर व छातीवर जाळीसारखी विरळ, तलम पिसे फुटतात. मध्यम बगळ्याच्या पाठीवर व छातीवर, तर मोठ्या बगळ्याच्या पाठीवर अशीच पिसे असतात. पूर्वी मोगल दरबारातही कलगीसाठी या कुळातील पक्ष्यांची पिसे वापरत. पण ती मूठभर मानकऱ्यांची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची टूम निघाली आणि मागणीला धरबंध राहिला नाही. वजनाला वजन धरले, तर ही पिसे सोन्यापेक्षा महाग विकली जाऊ लागली.

११.
एका वर्षाचा हिशेब पुरेसा बोलका आहे. १९०२ साली लंडनच्या बाजारात बगळ्यांच्या पिसांची १,६०८ पुडकी विकली गेली. प्रत्येकाचे वजन सरासरी ३० औंस. म्हणजे एकूण ४८,२४० औंस, सुमारे १,३६८ किलो. एक औंस पिसांसाठी साधारण चार पक्षी मारावे लागत. गुणाकार केला की आकडा येतो १,९२,९६०. हे केवळ मोठे पक्षी. प्रत्येकामागे घरट्यात राहिलेली अंडी किंवा पिल्ले या हिशेबात धरलेली नाहीत.

१२.
शिकारी घरट्यांपाशीच का जात, याचे उत्तर या पक्ष्यांच्या स्वभावात आहे. एरवी माणूस दिसताच उडणारा बगळा पिल्लांपासून दूर राहू शकत नाही. बंदुकीच्या आवाजाने थवा उठतो, पण पुन्हा पिल्लांकडे परततो. शिकाऱ्याला जागा सोडावी लागत नसे. जी स्थिरता गाथेत निर्धास्तपणाची खूण होती, ती येथे वात्सल्यातून आलेली अगतिकता होती. शिवाय पिसे याच दिवसांत असतात. त्यामुळे एकेक सारंगागार एका हंगामात निर्मनुष्य नव्हे, निष्पक्षी झाले.

१३.
विरोध सुरू झाला तो स्त्रियांकडून. १८८९ साली मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी पिसे न वापरण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. आजची 'रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स' ती हीच. अमेरिकेत बोस्टनला १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी तसेच काम उभारले. व्यापाऱ्यांकडे मात्र एक उत्तर तयार होते: ही पिसे मारलेल्या पक्ष्यांची नाहीतच, ती आपोआप गळतात आणि माणसे जमिनीवरून वेचून आणतात. हा दावा खोटा ठरवायचा, तर पुरावा हवा होता.

१४.
तो पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. मेलबर्नचे पक्षिनिरीक्षक ए. एच. ई. मॅटिंग्ली यांनी १९०६ साली न्यू साउथ वेल्समधील बगळ्यांच्या एका वसाहतीची छायाचित्रे घेतली. काही आठवड्यांनी ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा शिकारी येऊन गेले होते. पाठीची पिसे ओरबाडलेले मृत पक्षी खाली पडले होते आणि वर घरट्यांत पिल्ले अन्नासाठी माना उंचावून वाट पाहत होती. मॅटिंग्ली यांनी तेही टिपले. उपासमारीने मान टाकलेली पिल्लेही त्या चित्रांत आहेत. गळलेल्या पिसांची कहाणी या चित्रांपुढे टिकणे कठीण होते.

१५.
१९११ च्या उन्हाळ्यात लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून काही माणसे फलक अडकवून चालताना दिसली. फलकांवर मॅटिंग्ली यांची छायाचित्रे मोठी करून लावली होती: आधी घरट्यातला डौलदार पक्षी, मग शिकार, मग भुकेली पिल्ले आणि शेवटी पिसे लावलेली टोपी. ज्या दुकानांत त्या टोप्या विकल्या जात, त्याच भागातून हे फलक फिरले. कायदा होण्यास आणखी दहा वर्षे गेली. १९२१ साली ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. पांढऱ्या जलपक्ष्यांच्या छायाचित्रांनी लोकमत बदलण्यास हातभार लावला, असे हे इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

१६.
भारतात निर्यातीवर बंदी त्याआधीच, १९०२ साली आली होती. शहामृगाची पिसे आणि शास्त्रीय नमुने वगळता पक्ष्यांची कातडी व पिसे देशाबाहेर पाठवण्यास सरकारने मनाई केली. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात बगळ्यांचा स्पष्ट नामोल्लेख आहे. तरीही चोरटा व्यापार चालू राहिला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये कोळी लोक चटयांच्या कुडांत लहान बगळे पाळत आणि त्यांची पिसे वेळोवेळी उपटून घेत. या 'बगळेपालना'ची वर्णने 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात छापून आली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे हे संरक्षण अधिक व्यापक केले.

१७.
ही सोसायटी १८८३ साली मुंबईत आठ जणांनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे बहुधा त्याला गोळी घालून कातडे जपणे. हळूहळू बंदुकीची जागा दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने घेतली. १९४१ साली सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आले आणि पक्षी ओळखण्यासाठी तो हातात घेण्याची गरज सामान्य वाचकाला उरली नाही. १९४९ साली ई. एच. एन. लोथर यांचे 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' प्रसिद्ध झाले. तासन् तास आडोशात दडून बसणे हा तेव्हा या छंदाचा पहिला धडा होता.

१८.
आता पुन्हा वडिवळ्याची संध्याकाळ. तंत्र पालटले, अडचण तीच राहिली. पश्चिमेला सह्याद्रीची धार असल्याने दरीतला उजेड लवकर ओसरतो. बगळ्याचे पिसे मात्र शेवटच्या किरणातही झळाळते. मागचा डोंगर गडद आहे, म्हणून कॅमेरा अधिक प्रकाश आत घेऊ पाहतो आणि पक्ष्याच्या जागी कोरा पांढरा डाग उमटतो. जाणता छायाचित्रकार म्हणून प्रकाश मुद्दाम कमी ठेवतो, म्हणजे एकेक पीस वेगळे दिसते. उभ्या थव्याला सेकंदाचा २५० वा भाग पुरतो. उडत्या थव्याला १,००० वा लागतो. म्हणजे उजेड सर्वांत कमी असतो, तेव्हाच उड्डाण सर्वांत जास्त उजेड मागते.

१९.
आणि येथेच मोह होतो. उभे बगळे साधे वाटतात. उठलेला थवा नाट्यमय दिसतो. मग एखादा टाळी वाजवतो, एखादा खडा भिरकावतो, कोणी ड्रोन खाली आणतो. चित्र मिळते. पण संध्याकाळ ही रातथाऱ्याला जाण्यापूर्वी शेवटचे चार मासे टिपण्याची वेळ असते. तेव्हा उडवलेला थवा खर्च झालेली शक्ती अंधारात भरून काढू शकत नाही. विणीच्या काळात तर पालक उठताच अंडी व पिल्ले कावळ्यांपुढे उघडी पडतात. म्हणूनच अनेक निसर्गछायाचित्र स्पर्धा आता घरट्यांची चित्रे स्वीकारत नाहीत.

२०.
मम्मटाच्या तर्काला मावळात आणखी एक, कटू अर्थ आहे. पक्षी निश्चल आहे, म्हणजे माणूस नाही. पण माणूस का नाही? लोणावळ्याजवळचे वळवण आणि शिरोता यांसारखे जलाशय विजेसाठी बांधले गेले. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासह शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. स्वातंत्र्यानंतर पवना धरणग्रस्तांचा लढाही दीर्घकाळ चालला. सह्याद्रीच्या कुशीतील अनेक जलाशयांवरची ती प्रसन्न शांतता कोणाच्या तरी भातखाचरांवर पसरलेली आहे. चौकटीत ते दिसत नाही. चित्राखालच्या दोन ओळींत ते लिहिता येते.

२१.
कवीने बगळा पाहिला, शिकाऱ्याने पाहिला, शास्त्रज्ञाने पाहिला आणि मॅटिंग्ली यांनीही पाहिला. पक्षी प्रत्येक वेळी तोच होता. त्याच्या निश्चलतेचा अर्थ मात्र समोरच्या माणसावरून ठरला. वडिवळ्याच्या काठी छायाचित्रकार खाली बसतो, हळूहळू पुढे सरकतो, थांबतो. बगळा एकदा मान वळवून पाहतो आणि पुन्हा पाण्यात चोच घालतो. सूर्य डोंगराआड जातो, कॅमेरा पिशवीत जातो, माणूस मागच्या पावली परततो. त्यानंतरही थवा जागच्या जागी मासे टिपत राहिला, तर मम्मटाला आपला तर्क थोडा सुधारावा लागेल: येथे माणूस होता, आणि तरीही पक्षी निर्धास्त होता.